मोठ्या शिशूत पहिली कशी शिरली?

प्रश्न : माझा मुलगा सीनियर केजीत आहे, साडेपाच वर्षांचा. परवा ओपन हाउसला बाई म्हणाल्या, 'रायटिंग फार स्लो आहे, थ्री-लेटर वर्ड्स एकट्याला जमत नाहीत, बिफोर-आफ्टरमध्ये गोंधळतो. असंच राहिलं तर पहिलीत जड जाईल.' मी स्वतः 1990 च्या सुमारास नगरपालिकेच्या शाळेत पहिलीत बसले, तेव्हा मला माझं नावही लिहिता येत नव्हतं. बालवाडीत गाणी, गोष्टी आणि खाऊ एवढंच आठवतं. हे सगळं बदललं कधी? आणि ठरवलं कुणी?
(एक आई, नाशिक)

उत्तर : 'ठरवलं कुणी' याचं उत्तर आधी देते, कारण ते थोडक्यात आहे. कुणीही नाही. पाच वर्षांच्या मुलाने एक ते शंभर आकडे स्पेलिंगसकट लिहावेत असं ना दिल्लीच्या कुठल्या कागदात आहे, ना पुण्याच्या. कागद काढून वाचले तर उलटंच चित्र दिसतं. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू केलं. त्यात प्रत्येक इयत्तेला काय यावं याची उद्दिष्टं दिली आहेत. पहिलीच्या आधीच्या वर्षाला, म्हणजे तुमच्या मुलाच्याच वर्षाला, त्यात बालवाटिका म्हटलं आहे. वर्ष संपताना मुलाला अक्षरं आणि त्यांचे आवाज ओळखता यावेत, दोन-तीन अक्षरांचे सोपे शब्द वाचता यावेत आणि आकडे ओळखता-वाचता यावेत ते दहापर्यंत. नव्याण्णवपर्यंतची मजल पहिलीची. ऑक्टोबर 2022 मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. त्यात तर तीन ते सहा वयाला पाठ्यपुस्तकच नको म्हटलं आहे, आणि या वयात परीक्षा घेणं सर्वस्वी गैर ठरवलं आहे. थोडक्यात, बाई ज्या गोष्टींत मुलाला मागे म्हणतात त्यांतल्या बऱ्याचशा सरकारी हिशेबाने पुढच्या वर्षाच्या आहेत.

एक मात्र खरं. दोन-तीन अक्षरांचे शब्द वाचण्याची अपेक्षासुद्धा तुमच्या बालवाडीत नव्हती. म्हणजे सरकारी पट्टीही थोडी वर सरकली आहे. शाळांची पट्टी तिच्याही पुष्कळ पुढे गेली, इतकंच.

आता 'कधी' याकडे येऊ. त्यासाठी जरा मागे जावं लागेल, कारण बालवाडी ही संस्थाच मुळी शाळेला पर्याय म्हणून जन्माला आली. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेलने 1837 मध्ये ब्लांकेनबुर्ग गावात लहान मुलांसाठी केंद्र काढलं आणि 1840 मध्ये त्याला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. लाकडी ठोकळे, चेंडू, विणकाम, बागेतले वाफे, गाणी. अक्षरांची घाई नाही. प्रशियाच्या सरकारला हा प्रकार इतका संशयास्पद वाटला की 1851 मध्ये त्यांनी किंडरगार्टनवर चक्क बंदी घातली. ती उठायला 1860 उजाडलं. पाच वर्षांच्या मुलांच्या खेळण्याला घाबरणारं सरकार! आज घाबरतात ते पालक.

आपल्याकडे पंडिता रमाबाई अमेरिकेत असताना या पद्धतीने भारावल्या होत्या. पण मराठी बालवाडीला खरा आकार दिला तो ताराबाई मोडक यांनी. त्या आधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे त्या महाराष्ट्रात आल्या आणि 1945 मध्ये त्यांनी डहाणूजवळच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबतीला अनुताई वाघ होत्या. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेलं. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' आली ती या कामातून. माँटेसरीची महागडी साधनं परवडण्याजोगी नव्हती, म्हणून शंख, शिंपले, बिया, खडे, पानं हेच साहित्य झालं. हे काम भाबडं नव्हतं बरं का. लावणे, जुळवणे, मोजणे, क्रमाने मांडणे, ऐकून सांगणे, सगळं बेतलेलं असे. 'नुसतं खेळू द्या' असं ताराबाईंचं म्हणणं कधीच नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तुम्ही 1990 मध्ये अनुभवलीत ती या परंपरेची शेवटची सावली म्हणायची. त्यानंतर काय झालं याचे आकडे अमेरिकेत उत्तम सापडतात, कारण तिथे बालवाडी सरकारी शाळेतच असते आणि शिक्षकांची पाहणी होत असते. डॅफ्ना बॅसॉक आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये 1998 आणि 2010 या दोन वर्षांतल्या किंडरगार्टन शिक्षकांच्या उत्तरांची तुलना केली. मुलांनी किंडरगार्टनमध्येच वाचायला शिकलं पाहिजे, असं 1998 मध्ये 31 टक्के शिक्षकांना वाटत होतं. 2010 मध्ये 80 टक्क्यांना. बारा वर्षांत! मुलांचे मेंदू बारा वर्षांत बदलत नाहीत. बदललं ते वरचं दडपण. मधल्या काळात तिथे तिसरीपासून दरवर्षी वाचन-गणिताच्या परीक्षा सक्तीच्या करणारा कायदा आला होता, आणि निकाल वाईट लागला तर शाळेवर कारवाई होत होती. तिसरीच्या शिक्षकांनी दुसरीकडे बोट दाखवलं, दुसरीने पहिलीकडे, आणि पहिलीच्या खाली बालवाडीच होती.

आपल्याकडची साखळी वेगळ्या जागी सुरू होते. आपला शिक्षण हक्क कायदा 2009 चा, तो सहा ते चौदा वयाला लागू. सहाच्या खालच्या मुलांबद्दल घटनेच्या कलम 45 मध्ये राज्याने 'प्रयत्न करावा' एवढंच आहे. त्यामुळे अंगणवाड्या सोडल्या तर पूर्वप्राथमिक हे मोकळं रान राहिलं. फ्लॅटच्या हॉलमध्ये नर्सरी काढा, नाहीतर बंगल्यात. मुलांना काय शिकवता हे तपासायला फारसं कुणी येत नाही. त्यात भर म्हणजे नावाजलेल्या शाळांचं दार नर्सरीतच उघडतं आणि तिथेच बंद होतं. पहिलीत नव्याने जागा क्वचित. म्हणून शिक्षणाची सगळी धास्ती तीन वर्षांच्या वयावर येऊन कोसळते. नर्सरीच्या प्रवेशासाठी मुलांच्या मुलाखती-चाचण्या घेऊ नयेत असं यशपाल समितीने 1993 मध्येच सांगितलं होतं. म्हणजे तेव्हाही त्या घेतल्या जात होत्या.

दुसरा धागा माध्यमाचा. घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी असलेलं मूल पहिलीत जातं, तेव्हा तिथलं पुस्तक त्याला वाचता येतं असंच गृहीत धरतं. परिसर अभ्यासाचा धडा, गणिताची लेखी उदाहरणं, सगळं इंग्रजीत. मग सीनियर केजीने वाचन 'उरकून' दिलं पाहिजे. त्यासाठी ज्युनिअरने अक्षरं, त्यासाठी नर्सरीने स्टँडिंग लाइन आणि स्लीपिंग लाइन. मोठी अक्षरं, छोटी अक्षरं आणि काही ठिकाणी वर कर्सिव्ह. भाषा कानावर पुरेशी पडण्याआधीच तिचं लेखन हातात येतं. मराठी शाळांतली मुलं या बाबतीत खरं तर सुखी आहेत. बालभारतीचं पहिलीचं पुस्तक चित्रं, गप्पा आणि गाण्यांतून हळूहळू अक्षरांकडे जातं. पण शेजारच्या इंग्रजी शाळेशी बरोबरी करायची म्हणून मोठ्या शिशूतही आता वह्या भरल्या जातात.

आणि तिसरा धागा, थोडा बोचणारा आहे, पण सांगते. वही दिसते. मुलाने दिवसभर मातीचे लाडू वळले, गोष्टीत वाघाचा आवाज काढला, भांडण झाल्यावर स्वतःहून मिटवलं, तर संध्याकाळी घरी दाखवायला काही नसतं. पानभर 'ए' काढला तर असतो. फी भरणारा पालक विचारतो, 'आज काय शिकवलं?' आणि बाईंना पानाकडे बोट दाखवता येतं. शिवाय वर्गात पस्तीस-चाळीस मुलं आणि एक बाई. लिहायला बसवलं की शांतता असते. मी बाईंना दोष देत नाही. चाळीस मुलांना ठोकळे देऊन पाहा म्हणजे कळेल.

आता मुलाच्या हाताबद्दल, कारण 'रायटिंग स्लो'चं दुखणं तिथे आहे. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतः ती हाडं नसतातच, नुसती कूर्चा असते. एकेक करून ती हाडं होत जातात. पाचव्या वर्षी हे काम अर्धवट असतं आणि शेवटचं हाड क्ष-किरणात दिसायला आठ ते बारा वर्षं लागतात. म्हणूनच वाढीचं वय काढायचं तर डॉक्टर मनगटाचा एक्स-रे काढतात. हाडं पुरी झाल्याशिवाय लिहूच नये असा याचा अर्थ नाही. पण बोटांची ताकद आणि नेमकेपणा चौरेघी वहीत येत नाही. तो मटार सोलताना, मणी ओवताना, कणीक मळताना, कात्री चालवताना, झाडाला लोंबकळताना येतो. आणि 'बी'चा 'डी' होणं, तीनचा आकडा उलटा निघणं, हे या वयात इतकं सर्रास आहे की त्याचं लाल शेऱ्यात रूपांतर करणं मला अन्याय वाटतो.

लवकर वाचायला लावून पुढे फायदा होतो का, हा यातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न. न्यूझीलंडमध्ये सेबास्टियन सुगेट यांनी पाचव्या वर्षी वाचायला शिकलेल्या आणि सातव्या वर्षी शिकलेल्या मुलांची तुलना केली. अकराव्या वर्षाच्या सुमारास दोघांच्या वाचनात फरक उरला नव्हता. उशिरा सुरुवात केलेल्यांना वाचलेलं किंचित जास्त समजत होतं. फिनलंडमध्ये शाळा सातव्या वर्षी सुरू होते हे तुम्ही ऐकलं असेलच. फिनलंडचं नाव आपल्याकडे उठसूट घेतलं जातं, म्हणून मी त्यावर थांबत नाही. मला जास्त विचार करायला लावलं ते अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या अभ्यासाने. सरकारी पूर्वप्राथमिक वर्गांना जागेपेक्षा अर्ज जास्त आले, म्हणून चिठ्ठ्या टाकून प्रवेश दिले गेले. सुमारे 3,000 गरीब घरांतली मुलं. प्रवेश मिळालेली मुलं सुरुवातीला पुढे होती. सहावीपर्यंत ती प्रवेश न मिळालेल्यांच्या मागे पडली होती, आणि शिस्तीच्या तक्रारीही त्यांच्याच जास्त होत्या. हा निष्कर्ष 2022 मध्ये छापून आला, तेव्हा तो करणाऱ्या डेल फॅरन यांनाही धक्का बसला होता. यावरून बालवाडीच वाईट असं म्हणता येत नाही. इतर ठिकाणी चांगल्या बालवाड्यांचे चांगले परिणाम दिसले आहेत. पण लवकर दिलेली आघाडी पुढे टिकतेच, ही समजूत मात्र सोडून द्यावी लागते.

म्हणून बाईंनी दाखवलेल्या त्रुटींपेक्षा मी वेगळ्या गोष्टी विचारेन. मुलगा काल काय घडलं ते सलग सांगतो का? गोष्टीत पुढे काय होईल याचा अंदाज बांधतो का? भेंड्या खेळतो का? हसू नका. शब्दाचं शेवटचं अक्षर पकडून त्यावरून दुसरा शब्द काढणं, यात वाचनाला लागणारी आवाजांची जाण पुरेपूर आहे आणि त्याला एकही वही लागत नाही. 'ळ' आला की घरातले मोठेही अडतात, तेवढीच मुलाला मजा. बिफोर-आफ्टरचा गोंधळ अनेकदा आकड्यांचा नसून इंग्रजी शब्दांचा असतो. त्याला मराठीत विचारा, 'सातच्या आधी कोण?' आणि काय म्हणतो ते ऐका.

प्रश्न : हल्ली मुलांवरच्या ओझ्याबद्दल फार बोलतात. आमच्या आजोबांना पाचव्या वर्षी धूळपाटीवर श्री गिरवायला बसवलं होतं आणि नवव्या वर्षी त्यांना दिडकीपर्यंत सगळं तोंडपाठ होतं. त्यांचं काय बिघडलं? मग आजच्या मुलांना का झेपू नये?
(एक आजोबा, सांगली)

उत्तर : झेपतं, आणि त्याचं कारण तुमच्याच प्रश्नात आहे. धूळपाटी. फळीवर बारीक माती पसरायची आणि बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचं. ते हातभर मोठं असायचं, अख्खा दंड फिरायचा, चुकलं की हाताने पुसायचं आणि चुकीचा पुरावा उरत नसे. त्याच वयाच्या मुलाला आज दोन रेघांमधल्या बोटभर जागेत पेन्सिलने लिहायचं असतं, खोडरबराने कागद फाटतो आणि वर शेरा राहतो. वय तेच, काम वेगळं.

पाठांतराचंही तसंच. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही तोंडी होती, एका सुरात, सगळ्यांनी मिळून. ज्याला येत नसे तो इतरांच्या आवाजात आवाज मिसळून शिकत असे. लहान मुलांना हे आवडतं. आजही त्यांना पाढ्यांचा ठेका धरून द्या, पाहा कशी रंगतात. शिवाय पंतोजींच्या शाळेत जून ते एप्रिल असं वर्ष नव्हतं की पन्नास मुलांनी एकाच आठवड्यात एकच पान संपवावं. प्रत्येक मुलगा आपल्या गतीने पुढे जाई.

मात्र त्या शाळेचं फार गुणगान मला करवत नाही. तिथे छडी होती, बहुतेक मुली नव्हत्या, आणि अनेक जातींची मुलं दाराबाहेर होती. आजोबांना दिडकी येत होती हे खरं. ज्यांना आली नाही त्यांची नातवंडं हे पत्र लिहीत नाहीत.

प्रश्न : आमची मुलगी 20 डिसेंबरची. वर्गात सगळ्यांत लहान. शाळा म्हणते, सीनियर केजी पुन्हा करा. सासूबाई म्हणतात, वर्ष वाया घालवू नका. काय करावं?
(एक वडील, ठाणे)

उत्तर : महाराष्ट्रात प्रवेशाचं किमान वय 31 डिसेंबरला मोजतात. त्यामुळे एका वर्गात 2 जानेवारीचं मूल आणि तुमची 20 डिसेंबरची लेक शेजारी बसू शकतात. पाच वर्षांच्या वयात वर्षभराचा फरक म्हणजे आयुष्याचा पाचवा हिस्सा. वर्गातल्या सगळ्यांत लहान मुलांवर 'कच्चा', 'लक्ष देत नाही' असे शिक्के जास्त बसतात, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. चंचलतेच्या आजाराचं निदानसुद्धा त्यांचंच जास्त होतं. दोष मुलांचा नसतो, तारखेचा असतो. वय वाढेल तसं हे अंतर कमी होत जातं.

माझं मत विचाराल तर डिसेंबरच्या मुलांना नर्सरीतच एक वर्ष उशिरा घालावं. तो निर्णय मुलाला कळतही नाही. सीनियर केजी पुन्हा करणं वेगळं. मैत्रिणी पुढे गेल्या, मी इथेच, हे पाच वर्षांच्या मुलीला पक्कं कळतं. म्हणून आधी एक पाहा. ती वर्गात जायला रडते का, रात्री दचकते का, पोटात दुखतं म्हणते का? तसं असेल तर वर्ष घ्या, हवं तर शाळा बदलून घ्या, आणि सासूबाईंना सांगा की दहावीला एक वर्ष उशीर झाल्याने कुणाचं नुकसान झालेलं नाही. पण ती आनंदाने जात असेल आणि नुसतं लिखाण मागे असेल, तर पुढे जाऊ द्या आणि शाळेशी बोला. राष्ट्रीय दप्तर धोरण 2020 नुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नाही आणि पूर्वप्राथमिकला दप्तरच नाही. त्याची प्रत सोबत ठेवा. भांडू नका, दाखवा. दोन-चार पालक मिळून गेलात तर जास्त उपयोग होईल. मुख्याध्यापिकांनाही बहुतेकदा हेच हवं असतं, पण 'आमच्या मुलाला अभ्यास कमी देता' अशी तक्रार घेऊन येणारेच पालक त्यांना रोज भेटतात.

शिकवणी मात्र लावू नका. पाच वर्षांच्या मुलीच्या संध्याकाळवर तिचाच हक्क आहे.

शेवटचं एक, आणि हे तिन्ही पत्रलेखकांसाठी. वय लहान आहे म्हणून सगळंच सोडून द्यायचं नसतं. पाच पूर्ण झाली तरी मूल सलग वाक्यात बोलत नसेल, घरच्यांखेरीज इतरांना त्याचं बोलणं कळत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल किंवा टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसत असेल, तर लिखाणाचा विचार बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांना भेटा आणि कान-डोळे तपासून घ्या. ही तपासणी पुढच्या ओपन हाउसपर्यंत थांबवू नका.